श्वासाची इर्जिक

साळवेसिस्टरांना डाव्या कानाने ऐकू येत नसे. लहानपणी कान फुटला आणि पुढे तो कायमचा बंद झाला, एवढेच त्या सांगत. कोणी बोलू लागले की त्या मान किंचित वळवून उजवा कान पुढे करीत, आणि बोलणाऱ्याला वाटे, ही बाई आपले म्हणणे अगदी मन लावून ऐकते आहे. त्या वाटण्यात खोटे काही नव्हते. माझ्यासारख्या हळू बोलणाऱ्या माणसासाठी तर त्या आणखी एक पाऊल पुढे येत आणि म्हणत, "भाऊसाहेब, शब्द जरा बाहेर सोडा की. आत ठेवून काय व्याज मिळतंय त्यांचं?"

हळू बोलणे हा माझा गुण आहे असे सारे मानीत. मीही मानीत होतो. आयुष्यात दोनदाच मी स्वच्छ, मोठ्या आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो. सिस्टरांविषयी लिहायला बसलो की हात त्यातल्या पहिल्या वेळेपाशी येऊन अडखळतो. आता वयाचे पंचावन्नावे वर्ष उलटले आहे. अडखळत का होईना, लिहून ठेवावे असे वाटते.

आमचे रुग्णालय धर्मादाय होते. बेलापूरपासून दीड कोसावर, दोन्ही बाजूंना उसाचे मळे, मध्ये कडुनिंबाचे एक जुने झाड आणि त्याच्या सावलीत कौलारू वॉर्ड. मी तिथल्या कार्यालयाचा प्रमुख होतो. वॉर्डच्या टोकाला दोन खाटांची एक लहान खोली होती, तिला सगळे 'कडेची खोली' म्हणत. ज्याचा श्वास स्वतःच्या बळावर चालेनासा होई, त्याला तिथे ठेवीत. मोठ्या शहरांत अशा रोग्यांसाठी यंत्रे आली आहेत, असे आम्ही ऐकून होतो. आमच्याकडे भिंतीला साखळीने बांधलेले पुरुषभर उंचीचे प्राणवायूचे नळकांडे होते आणि नारळाएवढी एक काळी रबरी पिशवी होती. डॉक्टर रोग्याच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवीत. पिशवी त्या नळीला जोडायची आणि कोणीतरी ती हाताने दाबत राहायचे. दाबली की छाती वर येई, सोडली की खाली जाई. दाबणारा थांबला की माणूस संपला.

ही खोली म्हणजे साळवेसिस्टरांचे राज्य. ठेंगणी, काळीसावळी, रुंद पंजांची बाई. पांढऱ्या लुगड्यावर पुरुषी मनगटी घड्याळ आणि पायांत कॅनव्हासचे बूट. पदराच्या गाठीत नेहमी गुळाचा खडा. त्यांच्या सवयींपैकी पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू येई ती ही, की त्या बेशुद्ध माणसाशी बोलत. आडवा पडलेला माणूस, डोळे मिटलेले, हात टाकल्यासारखे, आणि सिस्टर त्याला सांगत, "मारुतीराव, आता कूस बदलतो हं. पाठ जरा गार लागंल." किंवा, "आज निंबाला मोहोर आलाय. वास येतोय का?" उत्तर येत नसे. तरी त्या उत्तरापुरता वेळ थांबत आणि मगच हात लावीत.

"कान सगळ्यांत शेवटी झोपतात," असे त्या नव्या परिचारिकांना शिकवीत. "डोळं मिटलं म्हणून माणूस गेला समजू नका. दार लावलंय नुसतं. आतून ऐकतोय."

याचा पुरावा एकदा सर्वांना मिळालाही होता. बेलापूरचे एक भुसार व्यापारी धनुर्वाताने त्या खोलीत होते. झटके येऊ नयेत म्हणून त्यांना औषधांनी दिवसच्या दिवस झोपवून ठेवले होते. त्यांच्या खाटेशी उभे राहून थोरले जावई दुकानाची जागा कोणाकडे जावी याचा खल करीत होते. सिस्टरांनी त्यांना दंडाला धरून बाहेर, कडुनिंबाखाली नेऊन उभे केले. "इथं काय वाटण्या करायच्या त्या करा. झाडाला कान नाहीत." जावई म्हणाले, "अहो बाई, ते शुद्धीवर तरी आहेत का?" सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही आहात का?"

पंधरवड्यानंतर व्यापारी उठून बसले. पहिली पेज पिऊन झाल्यावर त्यांनी जावयांना जवळ बोलावले आणि क्षीण आवाजात विचारले, "का हो पाहुणे, मागची खोली तुम्हाला, अन् पुढचा गाळा धाकट्याला, असंच ठरलं ना?" जावयांचा चेहरा सगळ्या वॉर्डाने पाहिला. मीही त्या दिवशी पोटभर हसलो. हसलो आणि विसरलो. हा विसर आज माझ्या खात्यातला सर्वांत जड विसर आहे.

कडेच्या खोलीचा खर्च मोठा होता. नळकांडी पुण्याहून मालमोटारीने येत. एक नळकांडे दिवसभर जेमतेम पुरे; त्याचे भाडे, वाहतूक, उतरवणाऱ्यांची मजुरी, वर लस, नळ्या, कापूस. शिवाय पिशवी दाबायला आठ-आठ तासांना एक माणूस, म्हणजे दिवसाला तीन माणसे, केवळ एका रोग्यासाठी. संस्थेचा गरिबांसाठीचा निधी एका अशा रोग्यात अर्धा होई, आणि मग बाकीच्या वॉर्डातल्या बाळंतिणींना दूध कोठून द्यावे, असा प्रश्न समितीपुढे येई. समितीतली माणसे दुष्ट नव्हती. त्यांनी ठरवले, की कडेच्या खोलीतल्या रोग्याच्या नातेवाइकांना तिसऱ्या दिवसापासून खर्चाची स्पष्ट कल्पना द्यावी, आणि पुढे ठेवायचे की घरी न्यायचे हे त्यांनी सांगावे.

सिस्टरांनी या खर्चावर स्वतःचा एक उतारा शोधला होता. आमच्या भागात इर्जिकीची चाल आहे. एखाद्याची पेरणी मागे पडली, घरात दुखणे निघाले, तर गाव आपापले बैल घेऊन त्याच्या रानात उतरते. मजुरी कोणी घेत नाही. दुपारी तिथेच जेवायचे आणि दिवस मावळता आपापल्या घरी जायचे. सिस्टरांनी ती चाल शेतातून उचलून खाटेशी आणली. रोग्याबरोबर आलेल्या सगळ्यांना त्या निंबाखाली बसवीत आणि सांगत, "ह्याचं रान अडलंय. बैल तुम्हीच. अर्ध्या अर्ध्या तासाची पाळी." पिशवी दाबणाऱ्या तीन माणसांचा खर्च अशा रीतीने वाचे.

शिकवण्याची त्यांची पद्धतही अशीच इथल्या मातीतली होती. पुरुष जोर करीत, घाई करीत आणि थकत. हे त्यांच्या लवकर ध्यानात आले. बायकांना त्या विचारीत, "दळताना जात्याला हिसका देता का? पीठ जाडं येतं ना? तसंच हे. दाब... सोड. दाब... सोड. सोडताना घाई करायची नाही, त्याचं त्याला बाहेर टाकू द्यायचं." बाईचा हात बसला की त्या स्वतःचा हात तिच्या हातावर ठेवून दोन-चार वेळा दाबून पाहत, आणि मग सोडून देत. पाळी संपली की पदरातला गूळ. "इर्जिकीचं जेवण," म्हणत. एक म्हातारी दाबता दाबता ओव्या गुणगुणू लागली तेव्हा डॉक्टरांनी भुवया वर केल्या. सिस्टर म्हणाल्या, "गाऊ द्या साहेब. तिच्या ओवीचं माप तुमच्या घड्याळापेक्षा नेमकं आहे." डॉक्टरांनी नाडी मोजली आणि निघून गेले.

आणि एक नियम होता, कोठे लिहिलेला नव्हता पण सिस्टरांच्या राज्यात मोडत नसे. खाटेपाशी पैशाचे बोलायचे नाही. त्यासाठी निंबाचे झाड.

आता माझ्याविषयी. समितीचा निर्णय अमलात आणणे माझे काम. मी त्यासाठी एक पत्रक तयार केले होते, 'रोजचा अंदाज'. बाबवार, सुवाच्य अक्षरात. माझ्या अक्षराचा मला अभिमान होता, आणि प्रामाणिकपणाचा त्याहून अधिक. नातेवाइकांना अंधारात ठेवू नये, शेवटी एकदम आकडा हातात पडून त्यांनी छाती बडवू नये, असे मला मनापासून वाटे. ज्यांना वाचता येत नसे त्यांना मी स्वतः वाचून दाखवी. माझ्यासारख्या पदावरचा माणूस असे करीत नाही, हेही मला ठाऊक होते आणि ते मला आवडत होते.

दुष्काळाचे साल होते. जामखेडकडून, त्या बाजूच्या कोरड्या गावांतून नेहमीपेक्षा कितीतरी अधिक माणसे ऊसतोडीला आली होती. उसाच्या पाचटाच्या कोप्या करून राहत, जमिनीवरच झोपत. दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. एका सकाळी बैलगाडीतून सोपान नावाच्या माणसाला आणले. वय चाळिशीच्या आतबाहेर. पहाटे मण्यार, रात्री फिरणारा विषारी साप, चावली होती. मण्यारीचा दंश दुखत नाही, सुजत नाही. माणसाला वाटते मुंगी चावली. मग पापण्या जड होतात, जीभ लुळी पडते, आणि शेवटी छाती थांबते. आणले तेव्हा त्याच्या पापण्या मिटलेल्या होत्या आणि ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी लगोलग गळ्याला नळी बसवली. सिस्टरांनी त्याच्या बायकोला, गयाबाईला, पुढे बोलावले आणि तिचे हात पिशवीवर ठेवले.

टोळीतली पाच माणसे थांबली होती. इर्जिक सुरू झाली. गयाबाईचा हात पहिल्याच दिवशी असा बसला की सिस्टर मला येऊन म्हणाल्या, "भाऊसाहेब, बघा येऊन. जातंसुद्धा इतकं समान फिरत नाही." मण्यारीचे विष काही दिवसांनी आपोआप उतरते, तोवर श्वास पुरवत राहायचा, एवढेच काम. आशा होती. सगळ्यांना होती.

तिसऱ्या दिवशी मी पत्रक लिहिले. रीतीप्रमाणे नातेवाइकांनी कार्यालयात यायचे. पण पाळ्या चालू असल्याने गयाबाई खोली सोडायला तयार नव्हती, आणि टोळीचा मुकादम दुपारच्या गाडीने कारखान्यावर परतणार होता. मी विचार केला, यांना कशाला हेलपाटा? आपणच जावे. मी याला सौजन्य समजत होतो. सिस्टर त्या वेळी कोठीत होत्या. खाटेच्या एका बाजूला पिशवी दाबणारी गयाबाई, दुसऱ्या बाजूला मुकादम, पायथ्याशी मी. नळकांड्यातून वायू सुटण्याचा आवाज सतत येत असे, म्हणून मी आवाज चढवला. पत्रकाची एक नक्कल गयाबाईपाशी ठेवली आणि एकेक बाब वाचली. शेवटचा आकडा दोनदा वाचला, म्हणजे गैरसमज नको.

मुकादम ओठ हलवीत हिशेब करीत होता. "म्हंजी भाऊसाहेब, हितला एक दीस म्हंजी जोडप्याची आठ दिसाची तोड की वो!"

"साधारण तसेच," मी म्हणालो.

"आन् असं किती दीस?"

"ते सांगता येत नाही. चार, आठ, अधिकही."

"आन् पाच कोयतं हितं बसल्यात, त्यो खाडा येगळाच," मुकादम म्हणाला. मग गयाबाईकडे वळून, "वयनी, मी वंगाळ बोलत न्हाई, पन इचार करा. पोरांच्या तोंडचं काढून किती दीस हवा भरायची?"

गयाबाईचा हात थांबला नाही. ती मान वर न करता एवढेच म्हणाली, "हळू बोला वो. त्येंला झोप लागलीया."

सिस्टर दारात उभ्या होत्या. किती वेळ, कोणास ठाऊक. त्यांनी माझ्या हातातले पत्रक पाहिले आणि मला कोपराला धरून निंबाखाली नेले, जावयांना नेले होते तसे.

"किती वेळ बोलत होता?"

"पाचेक मिनिटे. सगळे नीट समजावले."

"मोठ्यानं?"

"वायूचा आवाज होता, म्हणून जरा..."

त्यांनी डोळे मिटले. "भाऊसाहेब, तो जागा आहे. मण्यार माणसाला झोपवत नाही. नुसतं बांधून ठेवते. पहिल्या दिवसापासून तो पायाच्या अंगठ्यानं माझ्याशी बोलतोय."

हे मला माहीत नव्हते. माहीत नव्हते, हे मी स्वतःला कितीतरी वर्षे सांगत आलो. पण व्यापाऱ्याची गोष्ट मला माहीत होती, त्यांचा नियम मला माहीत होता. मी फक्त ते इतरांना लागू आहे आणि मला लागू नाही असे समजत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर कार्यालयात आल्या आणि माझ्या समोरच्या खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांत त्या तिथे कधी बसल्या नव्हत्या. त्यांनी सांगितले ते असे. रोज सकाळी त्या सोपानच्या पायाशी बसून विचारीत. होय असेल तर अंगठा हलवायचा, नाही असेल तर नाही. त्या सकाळी त्यांनी विचारले, दुखतं का? अंगठा हलला नाही. तहान? नाही. काल भाऊसाहेबांनी वाचलं ते ऐकलंस? अंगठा हलला. नळी काढून टाकावी असं वाटतं का तुला? अंगठा हलला. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला नाही, तरी तो हलतच राहिला.

"चला," त्या म्हणाल्या. "बोललात तुम्ही, परतही तुम्हीच घ्यायचं."

"मी काय सांगू?"

"सांगा, एक पैसा लागणार नाही."

"सिस्टर, तो अधिकार मला नाही. अर्ज समितीपुढे ठेवावा लागेल. बैठक पुढच्या आठवड्यात आहे."

"अधिकार मागनं आणा. आधी शब्द द्या."

"मी सांगितले तर ऐकेल तो? तुम्हीच सांगा ना."

"मी सांगितलंय. पण मी गूळ वाटणारी बाई. त्यानं कागद तुमच्या हातात ऐकलाय."

मी गेलो. सोपानच्या कानाशी वाकलो. त्याच्या केसांना उसाच्या पाचटाचा वास होता. मी माझ्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणालो, "सोपान, मी कार्यालयातला. खर्चाचे आपण नंतर पाहू. तू आधी बरा हो."

नंतर पाहू. खोटे बोलायचे नव्हते मला. जो निर्णय झालेला नाही तो झाला असे सांगणे माझ्या शिस्तीत बसत नव्हते. मी सिस्टरांकडे पाहिले. त्या पायथ्याशी बसून म्हणाल्या, "पटलं का, सोपान?" आणि अंगठ्याकडे पाहत राहिल्या. अंगठा हलला नाही. त्या उठल्या, माझ्याकडे न पाहता गयाबाईच्या हातावर हात ठेवून दोनदा पिशवी दाबून पाहिली आणि कोठीकडे गेल्या. त्या मला काही बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

आणखी दोन दिवसांनी विष उतरू लागले. पापण्या उघडल्या. मग उजव्या हाताची बोटे हलली, मग मनगट. गयाबाईने सिस्टरांच्या पदरातला गूळ स्वतः सोडून घेतला आणि सगळ्या वॉर्डात वाटला. "हात उचालला वो त्येंनी! माज्या दंडाला लावला!" डॉक्टर म्हणाले, छाती अजून कमजोर आहे, आणखी दोन-तीन दिवस पिशवी हवीच, पण हा माणूस चालत घरी जाईल.

त्या दुपारी पुण्याहून नळकांड्यांची मोटार आली. हमाल नळकांडी आडवी लोटत आणीत आणि त्यांच्या तोट्या बिघडत, म्हणून सिस्टर नेहमी उतरवून घ्यायला स्वतः उभ्या राहत. गयाबाईची पाळी संपली होती. ती निंबाखाली भाकरीचा पहिला घास मोडत होती. पिशवीवर टोळीतला किसन होता. मोटारीचा आवाज ऐकून त्याने खिडकीकडे मान वळवली. तेवढ्यात सोपानने उजवा हात उचलला आणि गळ्यातली नळी काढली. किसन पुढे मला रडत सांगत होता, "हिसका न्हाई, धडपड न्हाई, भाऊसाहेब. कनीस खुडावं तशी काढली वो. आन् हात छातीवर ठिवला."

जखमेचे तोंड मिटले होते. डॉक्टर धावत आले, नळी पुन्हा बसवली, पण मधली मिनिटे गेली होती. सिस्टरांनी पिशवी कोणाला दिली नाही. दिवेलागणीपर्यंत त्या एकट्या दाबत होत्या, दाब आणि सोड, तीच लय, जराही घाई नाही. मी दारात उभा होतो. शेवटी डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्या थांबल्या. मग त्यांनी पाणी आणवले, आणि त्याचे अंग पुसायला घेताना त्याच्या कानाशी वाकून नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "सोपान, आता कूस बदलतो हं." आणि उत्तरापुरता वेळ थांबल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाई कार्यालयाच्या उंबऱ्याशी आली. आत ये म्हटले तरी आली नाही. पदराच्या टोकातून तिने चार घड्या घातलेले पत्रक काढले आणि माझ्या टेबलाच्या कडेवर ठेवले. "ह्यो तुमचा कागद, भाऊसाहेब. आता आमाला ह्याचं काम न्हाई." आवाजात राग नव्हता. दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्याकडे राहिली होती, ती परत केली, एवढेच. मग म्हणाली, "शिस्टरबायला सांगा, मी हात चुकू दिला न्हवता."

पुढच्या आठवड्यात बैठक झाली. मी सोपानच्या खर्चाचा अर्ज पुढे ठेवला. अध्यक्षांनी तो वाचला, चष्मा काढून पुसला आणि कडेला एक शब्द लिहिला: माफ. मिनिटभरही लागले नाही. पुढच्या अर्जाला हात घालताना ते म्हणाले, "अशा वेळी तुम्ही आधीच सांगून टाकत जा हो, आम्ही काय नाही म्हणणार आहोत?"

सिस्टर मला त्याविषयी कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. पण त्यानंतर कडेच्या खोलीत कोणी आले की शिपाई यायचा: "शिस्टरनं बोलावलंय." मी जायचो. त्या खाटेकडे हात करून म्हणत, "आधी ह्यांना सांगा." आणि मी वाकून, त्या माणसाच्या कानाशी, शब्द बाहेर सोडून म्हणायचो, "मी कार्यालयातला. खर्चाची काळजी करू नका. काही लागणार नाही." अधिकार मी मागाहून आणीत असे. एकदा-दोनदा तो मिळाला नाही तेव्हा काय केले, ते इथे सांगण्यासारखे नाही. त्याने सोपानचा अंगठा हलणार नव्हता. मी सांगत असताना सिस्टर उजवा कान माझ्याकडे करून उभ्या असत, शब्द पूर्ण येतात की नाही ते ऐकत. कितीतरी माणसे त्या खोलीतून चालत घरी गेली. काही गेली नाहीत. पण सगळ्यांनी ते ऐकले.

पुढल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. भंडारदऱ्याच्या वाटेवर भावाचे घर होते, तिकडे जाणार होत्या. तोवर त्यांचा उजवा कानही मंद झाला होता. समोरच्याच्या ओठांकडे पाहत त्या अंदाज बांधीत. मी त्यांना पोचवायला एस.टी.च्या थांब्यावर गेलो. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी. गाडी उभी होती, इंजिन चालू होते, माणसे चढत होती. त्या खिडकीशी बसल्या. मी खाली उभा.

वर्षभर जे बोलायचे ठेवले होते ते तिथे बोललो. "सिस्टर, त्या दिवशी मी 'नंतर पाहू' म्हणायला नको होते."

त्यांनी कानाला हात लावला. "मोठ्यानं, भाऊसाहेब. काही कळत नाही."

आजूबाजूला माणसे होती. भाजीवाल्या, कंडक्टर, चार ओळखीचे चेहरे. मी मान वर करून, आयुष्यात दुसऱ्यांदा, सगळ्यांना ऐकू जाईल असे बोललो: "मी सोपानला 'माफ आहे' म्हणायला हवे होते! माझ्या तोंडून तो शब्द निघाला नाही!"

माणसे वळून पाहू लागली. एक भाजीवाली हातातली जुडी तशीच धरून थांबली. सिस्टर माझ्या ओठांकडे पाहत होत्या.

"ऐकू आलं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी गजांतून हात बाहेर काढून माझा हात धरला. त्यांचा तो रुंद, खरखरीत पंजा. एकदा दाबला, सोडला. थांबल्या. पुन्हा दाबला, सोडला. घाई नव्हती. कंडक्टरने घंटी ओढली आणि गाडी हलली.

थांब्यापुढे रस्ता उसाच्या मळ्यांतून वळतो. गाडी वळणाआड जाईपर्यंत खिडकीच्या गजावर त्यांचा हात मला दिसत होता. मिटत होता, उघडत होता.